शिल्लक वेळ : चारशे पाच दिवस

"डॉक्टर, तू ती डिस्क माझ्याकडे दे. पुसणं आणि तपासणं हे माझं काम," असं सायंदैनिक सकाळच्या चहाला म्हणाले, तेव्हा त्यांच्या बायकोने कप खाली ठेवला आणि त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

आधी नावाचा खुलासा केलेला बरा. सायंदैनिक हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. एका वर्तमानपत्राच्या छापखान्यात एकतीस वर्षं मुद्रितं, म्हणजे प्रुफं, तपासणाऱ्या माणसाला उद्याची बातमी आजच ठाऊक असते, आणि ती पोटात ठेवायला जी ताकद लागते ती या गृहस्थांना मिळालेली नव्हती. कामावरून घरी येताना इमारतीखालच्या बाकावर ते पाच मिनिटं टेकत आणि उद्याचं वर्तमानपत्र तिथेच प्रसिद्ध होई. परवा पाणी येणार नाही, पूल दुरुस्तीला जाणार, अमका मंत्री गडगडणार. लोक बादल्या भरून ठेवत आणि त्यांना दुवा देत. निवृत्तीनंतर जगाच्या बातम्या थांबल्या, पण अंक बंद पडला नाही. स्थानिक घडामोडींवर भर आला एवढंच. तिसऱ्या मजल्यावर कोणता फ्रिज आला आणि तो जिन्यात कुठे अडकला, हे फ्रिजवाल्यांच्या घरात कळायच्या आत बाकावर कळलेलं असे.

"ह्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही," असं त्यांची बायको गेली चौतीस वर्षं म्हणत आली होती, आणि ती निव्वळ म्हणून थांबली नव्हती. बाई व्यवसायाने डॉक्टर. कोपऱ्यावरच्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात अख्ख्या वसाहतीच्या नाड्या त्यांच्या हातात. घराघरातलं दुखणंखुपणं त्यांना माहीत, आणि नवऱ्याला त्यातलं अक्षरही नाही.

"गाण्याच्या बाई आज पाऊण तास आत होत्या. काय झालं त्यांना?" सायंदैनिक विचारीत.

"बसल्या होत्या," डॉक्टर सांगत आणि भाजी चिरायला घेत. जगातल्या बातम्यांचा साठा आपल्याच घरात, आपल्याच शेजारी झोपतो आणि आपल्याला त्यातलं एक शीर्षकही मिळू नये, हे दुःख त्यांनी चौतीस वर्षं सोसलं होतं. बोलून दाखवलं नव्हतं असं मात्र नाही. रोजच बोलून दाखवलं होतं.

तर आता दवाखाना बंद होत होता. डॉक्टरांना परिचारिकांच्या शाळेत शिकवण्याचं बोलावणं आलं होतं. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी बाईंनी नव्या वह्या आणल्या होत्या, त्यांना कव्हरं घातली होती आणि आरशासमोर उभं राहून "तर विद्यार्थिनींनो" असं म्हणताना सायंदैनिकांनी त्यांना दोनदा पकडलं होतं. एकच अट होती. पहिल्या तारखेला रुजू होताना जुना दवाखाना रीतसर बंद झाल्याचा दाखला हवा. तो दाखला नोंदणी कार्यालय देणार, आणि अर्जात एक रकाना होता : रुग्णांची सर्व माहिती नष्ट केली आहे काय? अर्ज तीस तारखेला पाचच्या आत हवा.

कागद पाकिटांत घालून ज्याचे त्याला देऊन झाले होते. पाकीट देताना डॉक्टर प्रत्येकाला सांगत, "कॉम्प्युटरमधलं मी पुसून टाकते. माझा शब्द." ते कॉम्प्युटरमधलं म्हणजे एक वहीएवढी काळी डिस्क. सहा वर्षांपूर्वी मुलीने तिला असलं कुलूप घालून दिलं होतं, की पासवर्ड टाकल्याशिवाय आतला मजकूर कुणालाही नुसता अक्षरांचा काला दिसावा.

"तुम्ही आत काही वाचणार नाही," डॉक्टर म्हणाल्या.

"मी? एकतीस वर्षं वाचलं ते फक्त ऱ्हस्वदीर्घ. मजकुराकडे कोण बघतं!"

डॉक्टरांनी डिस्क दिली. पासवर्ड मात्र दिला नाही. तो त्यांनी स्वतः टाकला, एका हाताने दुसरा हात झाकून. सायंदैनिकांनी त्या वेळी खिडकीबाहेर पाहिलं, पण अपमान व्हायचा तो झालाच.

चोवीस तारखेला सकाळी अकरा वाजता जेवणाच्या टेबलावर काम सुरू झालं. डिस्क पुसण्याचा एक प्रोग्राम त्यांनी मिळवला होता. त्याने विचारलं, किती वेळा पुसू? एकदा, तीनदा, सातदा की पस्तीस वेळा? आता हा प्रश्न कुणाला विचारावा! पहिलं मुद्रित, दुसरं मुद्रित, शेवटचं मुद्रित आणि त्यानंतर दारात उभं राहून एक नजर, अशा वळणात ज्याचं आयुष्य गेलं, जो अजूनही किराण्याच्या यादीखाली 'तपासले' अशी सही करतो, तो माणूस एकदा पुसून थांबेल काय? त्यांनी पस्तीसवर खूण केली. खाली आणखी एक चौकोन होता : प्रत्येक वेळी पुसल्यावर सगळं वाचून तपासू का? हे वाचून तर त्यांना भरून आलं. या यंत्रयुगातही कुणाला तरी तपासण्याची किंमत आहे! त्यांनी तीही खूण केली आणि बटण दाबलं.

पडद्यावर एक हिरवी पट्टी उगवली, मोहरीएवढी. तिच्याखाली अक्षरं आली. शिल्लक वेळ : ४०५ दिवस.

डॉक्टर मागे येऊन उभ्या राहिल्या. "मला पहिल्या तारखेला रुजू व्हायचंय," त्या शांतपणे म्हणाल्या. "कोणत्या वर्षीच्या, ते तेवढं शाळेला कळवायला हवं."

जड अंतःकरणाने सायंदैनिकांनी पस्तीसाचं एक केलं आणि तपासणीची खूण काढली. एक वाचन, तेही न तपासता! छापखान्यात असं काम करणाऱ्याला त्यांनी चहासुद्धा पाजला नसता. पण शिल्लक वेळ खाली आला. पाच दिवस एकोणीस तास. म्हणजे तीस तारखेची सकाळ. बसतंय! त्यांनी टाळी वाजवली आणि कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना म्हणून बाकावर गेले.

इथे घोटाळ्याचं मूळ आहे, हे वाचकांनी लक्षात ठेवावं. "डॉक्टरांची डिस्क आता माझ्या ताब्यात आहे," एवढंच ते म्हणाले. खोटं एक अक्षर नाही. पण बाकावरच्या मंडळींचे चेहरे एकाएकी असे झाले, की जणू सरकारी माणूस घराची मापं घ्यायला आलाय.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते जेवून उठले तर पडदा काळा. आपल्यासारखी कॉम्प्युटरलाही वामकुक्षीची सवय असते आणि ती वेगळी मोडावी लागते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. जागा केल्यावर प्रोग्रामने नम्रपणे कळवलं, की काम अर्धवट राहिल्यामुळे पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागेल.

"डॉक्टर, जरा कुलूप!" सायंदैनिकांनी हाक मारली. डॉक्टर वही मिटून आल्या, हात झाकून पासवर्ड टाकला आणि वहीकडे परत गेल्या. शिल्लक वेळ पुन्हा पाच दिवस एकोणीस तास. म्हणजे आता थेट पहिली तारीख. नाही बसत.

इतक्यात बेल वाजली. सोसायटीचे अध्यक्ष. हा माणूस सभेत बोलायला उभा राहिला की मागच्या रांगेतली पोरंसोरंसुद्धा ताठ बसत. त्यांनी डिस्कची पाहणी केली, "तापलीय, पंखा लावा" असा सल्ला दिला, आणि मग आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "माझं ते पान गेलं का पुसून? ते... सभेच्या आधीच्या गोळीचं?"

"कसली गोळी?" सायंदैनिक खरंच गोंधळले.

"वा!" अध्यक्षांनी त्यांचा हात दाबला. "असंच म्हणायचं. तुम्हाला उगाच नावं ठेवतात लोक. अहो, वीस वर्षं झाली, पण माइक हातात घ्यायचा म्हटलं की पाय लटपटतात. ती अर्धी गोळी घेतल्याशिवाय जिना उतरवत नाही. तुम्ही वाचलंच असेल सगळं, तुमच्यापासून काय लपवायचं!"

अध्यक्ष हलके होऊन गेले. सायंदैनिक मात्र खुर्चीत बसूनच राहिले. चौतीस वर्षं ज्या बातमीसाठी जीव टाकला ती अशी आपल्या पायांनी चालत घरात आली होती! त्यांनी चप्पल घातली. मग त्यांना टेबलावरची डिस्क दिसली आणि त्यांनी चप्पल काढली. मग पुन्हा घातली. शेवटी पंखा आणायचा आहे असं स्वतःला सांगून त्यांनी चप्पल कोपऱ्यात ठेवून दिली.

पंखा लावला. त्याने वेग वाढला नाही, पण डॉक्टरांच्या वह्यांची कव्हरं मात्र उडाली.

संध्याकाळी व्यायामशाळेचे पैलवान आले. दार त्यांच्यापुरतं अरुंद पडायचं, म्हणून ते तिरके आत आले. "दम लागलाय हिला," डिस्ककडे बघून ते म्हणाले. "छाती बघू." आणि त्यांनी ती उचलून तळहातावर घेतली. वायर निघाली. पट्टी गेली.

"डॉक्टर, जरा कुलूप!"

पैलवान एवढे शरमले, की त्या भरात त्यांनी सगळंच सांगून टाकलं. इंजेक्शनची सुई पाहिली की ते बेशुद्ध पडत. दर वेळी त्यांची बायको एका बाजूने आणि डॉक्टर दुसऱ्या बाजूने धरून बसत. "पोरांना कळलं तर व्यायामशाळा बंद करावी लागेल. पुसा हो तेवढं!"

मग रांगच लागली. शेजारचे आजोबा आले, कानातलं यंत्र काढून खिशात घातलं आणि म्हणाले, "ऐकू येतं मला. सगळं येतं. तुमच्या डॉक्टरांनी तपासून लिहिलंय ते. हिला कळता कामा नये." ते जाऊन दहा मिनिटं होतात तोवर त्यांची बायको आली. "ह्यांना ऐकू येतं हे मला आठ वर्षं ठाऊक आहे. मी डॉक्टरांना विचारलं होतं, त्या हसल्या, त्यावरून ओळखलं. पण मला कळलंय हे ह्यांना कळू देऊ नका हो. ऐकू येत नाही म्हणून मला काय हवं ते बोलता येतं, आणि ऐकू येतं म्हणून ते कामं बरोबर करतात. चांगलं चाललंय आमचं."

गंमत अशी की डिस्क तसूभर रिकामी होत नव्हती आणि सायंदैनिक भरत चालले होते. प्रत्येकाला वाटे, यांनी वाचलंय, मग आडपडदा कशाला. सायंदैनिकांनी दोनतीनदा सांगून पाहिलं, "अहो, मी काही वाचलेलं नाही." त्यावर प्रत्येकाने डोळा मिचकावून "शाबास" म्हटलं. खरं बोलून इतका अविश्वास त्यांच्या वाट्याला आजवर कधी आला नव्हता.

सव्वीस तारखेला त्यांनी नाइलाजाने दुरुस्तीवाल्याला बोलावलं. मुलगी याच धंद्यातली, परगावी राहणारी. तिला एक फोन केला असता तर काम झालं असतं. पण मागच्या वेळी प्रिंटर बिघडला म्हणून तिला फोन केला होता, तेव्हा ती "बाबा, प्लग लावलाय का?" असं म्हणाली होती, आणि प्लग लावलेला नव्हता. ती जखम अजून ओली होती.

दुरुस्तीवाल्याने टेबलाखाली वाकून वायरीचा माग काढला. ती डिस्कमधून निघून एका पिवळ्या पडलेल्या डबीत शिरत होती. त्याच डबीत कीबोर्ड, माऊस, प्रिंटर आणि एक टेबलावरचा दिवा, असं पूर्ण कुटुंब नांदत होतं.

"ही डबी माझ्या लग्नाच्या आधीची आहे," तो म्हणाला. "एवढ्याशा नळीतून टाकी भरताय तुम्ही." त्याने वायर सरळ कॉम्प्युटरच्या मागे लावली. "आणि तुम्ही कुलूप उघडून आत लिहिताय. पुसायचं म्हणजे वरून काहीतरी लिहायचंच असतं ना? तर जे जे लिहाल ते हा म्हातारा कॉम्प्युटर आधी कुलपाच्या लिपीत बदलतो आणि मग उतरवतो. धाप लागणारच."

"मग काय करायचं?"

"आता लावलंय ना सरळ. वीस तासांत होईल. न झालं तर मी आहेच." असं म्हणून तो दोन दिवसांसाठी बाहेरगावी गेला.

डॉक्टर, जरा कुलूप. पट्टी झरझर धावू लागली. दहा टक्के, वीस टक्के. सायंदैनिक तिच्यासमोर खुर्ची टाकून बसले. कॉम्प्युटरला झोप येऊ नये म्हणून माऊस हलवत राहिले. सत्तावीस तारखेला दुपारी पट्टी एकसष्ट टक्क्यांवर आली आणि थांबली. डिस्कमधून कट् कट् असा आवाज येऊ लागला. जुन्या डिस्कला खराब जागा असतात, आणि प्रोग्राम तिथे पोचला की तेच पान पुन्हा पुन्हा लिहायचा प्रयत्न करत बसतो. खराब कागदावर शाई उठत नाही म्हणून मशीन तिथेच अडवून धरणारा एक छापणारा त्यांना आठवला. तोही कुणाचं ऐकत नसे.

अठ्ठावीसला सकाळी ते नोंदणी कार्यालयात गेले. खिडकीमागच्या कारकुनाला त्यांनी अदबीने विचारलं, "एकसष्ट टक्के पुसली आहे. तूर्त चालेल का?"

"रकाना काय म्हणतो?" कारकून म्हणाला. "होय किंवा नाही. एकसष्ट टक्के होय असं कुठे असतं का?"

"मग मुदतवाढ?"

"मुदत संपल्याशिवाय वाढवायची कशी? संपल्यावर अर्ज करा."

"पण संपल्यावर अर्ज घेता का?"

"संपल्यावर कसा घेणार? मुदत संपलेली असते ना!" कारकून इतक्या मनापासून म्हणाला, की सायंदैनिकांना आपणच काहीतरी चुकीचं विचारलं असं वाटलं. त्यांनी आभार मानले आणि घरी आले.

त्या दिवशी संध्याकाळी गाण्याच्या बाई आल्या. या बाईंनी सल्ला दिला नाही, पंखा सुचवला नाही. खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि पिशवीचे बंद पिळत राहिल्या. "दोन वर्षं झाली," त्या म्हणाल्या, "माझा वरचा आवाज गेलाय. घशात गाठ होती. ती काढली, पण आवाज आला नाही. डॉक्टरांखेरीज कुणाला माहीत नाही. मी मुलींना म्हणते, तुम्ही गा, मी ऐकते. वाद्यावर सूर धरते. चालवून नेते. पण ज्यांच्या मुली आहेत त्यांना कळलं तर..." त्यांनी पुढचं सांगितलं नाही. "तुम्ही वाचलं असेलच, म्हणून आले. मला तुमची भीती वाटते, खरं सांगते."

सायंदैनिकांनी पंखा बंद केला. आजवर त्यांना लोक हसले होते, वैतागले होते, पण भीती वाटते असं त्यांच्या तोंडावर कुणी म्हणालं नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं. तो त्या आठवड्यातला सगळ्यात मोठा अपमान होता, आणि त्यात चूक समोरच्याची नव्हती.

त्या गेल्यावर ते मोकळ्या हवेसाठी खाली उतरले. बाकावर भरगच्च बैठक होती. तेवढ्यात कुणीतरी विषय काढला, "काय हो, गाण्याच्या बाई हल्ली कार्यक्रमात स्वतः का गात नाहीत? सगळं मुलींकडूनच गाऊन घेतात."

सगळ्यांनी सायंदैनिकांकडे पाहिलं. अंक बाहेर पडायची वेळ झालीच होती. पहिल्या पानाचा मजकूर त्यांच्या जिभेवर जुळून तयार होता, ऱ्हस्वदीर्घासकट.

"मुली चांगल्या तयार झाल्यात म्हणून," सायंदैनिक म्हणाले. "चांगला मास्तर बाजूला बसतो." आणि हवा बरी आहे, असं म्हणून ते उठून आले. जिना चढताना ते दोनदा कठड्याला धरून थांबले. अध्यक्षांची अर्धी गोळी मागावी असं क्षणभर त्यांच्या मनात येऊन गेलं.

एकोणतीसला पट्टी एकसष्टवरच होती. डॉक्टर टेबलाशी आल्या, पण पासवर्ड टाकायला नव्हे. त्यांच्या हातात कागद होता. "शाळेला पत्र लिहिलंय," त्या म्हणाल्या. "येऊ शकत नाही म्हणून. उद्या पाचनंतर पाठवते. अर्धवट पुसलेलं सगळं पुसलं असं मी लिहून देणार नाही. लोकांना शब्द दिलाय." त्या रागावल्या नव्हत्या, आणि त्याचाच सायंदैनिकांना जास्त त्रास झाला. कव्हर घातलेल्या वह्या त्यांनी एकावर एक रचून कपाटात ठेवल्या. सायंदैनिक त्या कपाटाकडे पाहत राहिले. ज्या एका कामात बायकोने चौतीस वर्षांत प्रथमच विश्वास टाकला, ते काम आपण पस्तीस वेळा तपासण्याच्या हौसेने सुरू केलं आणि एकदाही पुरं केलं नाही.

तीस तारखेला सकाळी किल्लीवाला आला. दवाखान्याच्या औषधांच्या कपाटाची किल्ली हरवली होती. खोल्या मालकाला परत देण्याआधी तिचा बंदोबस्त करायचा होता. सायंदैनिकांनी त्याला पाहताच हात जोडले. "तुमचंही काही पुसायचंय का?"

"माझं काय!" किल्लीवाला म्हणाला. "मला मूळव्याध. ती सगळ्या गावाला माहीत आहे. मी तर येणाऱ्याजाणाऱ्याला औषध विचारतो." त्याने टेबलावरच्या कट् कट् करणाऱ्या डिस्ककडे पाहिलं. "हीच काय ती? कुलूप आहे म्हणतात हिला. फुटणारं आहे का?"

"छे! मुलगी म्हणते, शंभर वर्षं घासलं तरी उघडायचं नाही."

"आणि किल्ली कुठे असते?"

सायंदैनिक थबकले. "पासवर्ड आमच्या डॉक्टरांकडे आहे."

"तो झाला किल्ली काढायचा मंत्र. पण खरी किल्ली? ती कुठेतरी असेलच ना. नाही, मी आपलं धंद्याचं सांगतो. तिजोरी फुटणारी नसेल आणि आतलं कुणाच्याच हाती लागू द्यायचं नसेल, तर लोक मला तिजोरी रिकामी करायला नाही बोलावत. किल्ली वितळवून टाकायला सांगतात. दोन मिनिटांचं काम."

सायंदैनिकांनी फोन उचलला. स्वाभिमान वगैरे नंतर पाहता येण्यासारखा होता.

"प्लग लावलाय," मुलीने हॅलो म्हणायच्या आत ते म्हणाले. "आईच्या दवाखान्याची डिस्क पुसतोय. सहा दिवस झाले. तिची किल्ली कुठे असते?"

"बाबा, ती कुलूपवाली डिस्क? तुम्ही ती आतून पुसताय?" मग ती हसायला लागली, आणि हसता हसता थांबून म्हणाली, "नाही नाही, हसत नाही. ऐका. खरी किल्ली डिस्कच्याच पहिल्या पानावर असते. आईचा पासवर्ड फक्त ती किल्ली बाहेर काढतो. ते पहिलं पान गेलं की पासवर्ड माहीत असूनही उपयोग नाही. मागचा सगळा मजकूर म्हणजे नुसते विस्कटलेले छपाईचे खिळे, सुटी सुटी अक्षरं. तुमच्याच छापखान्यातले समजा. जगातला कुणी ते परत जुळवू शकणार नाही."

"मग ती खराब जागा?"

"तिच्यातही खिळेच. राहू दे बिचारे." तिने काय टाइप करायचं ते एकेक अक्षर करून सांगितलं. सायंदैनिकांनी लिहून घेतलं, तीनदा वाचून तपासलं, 'तपासले' अशी सही केली. मग डॉक्टरांना हाक मारली.

"कुलूप?" डॉक्टरांनी दारातूनच विचारलं.

"नाही. आज तुझी गरज नाही. पण तू समोर असावीस."

अकरा वाजून वीस मिनिटांनी त्यांनी बटण दाबलं. पट्टी आली नाही, शिल्लक वेळ आला नाही. एक ओळ उमटली : झाले. डॉक्टरांनी स्वतः पासवर्ड टाकून पाहिला, एकदा, दोनदा, आणि या वेळी हात झाकायचं त्यांना भान राहिलं नाही. डिस्कने त्यांना ओळखलं नाही. सायंदैनिकांनी कपाट उघडून वह्या बाहेर काढल्या.

नोंदणी कार्यालयात खिडकीशी तोच कारकून होता. अर्ज डॉक्टरांनी भरला होता, खरा खरा. काम सुरू : चोवीस तारीख, सकाळी अकरा. काम पूर्ण : तीस तारीख, सकाळी अकरा वीस.

"सहा दिवस लागले?" कारकुनाच्या आवाजात प्रथमच आदर आला. "मग नीट पुसलेली दिसते. परवा एक जण आला होता. म्हणे एका सेकंदात पुसली. परत पाठवला. असं कुठे असतं का?"

"नाही, कसं असेल!" सायंदैनिक म्हणाले आणि शिक्का बसेपर्यंत त्यांनी कारकुनाच्या घड्याळाची मनापासून स्तुती केली.

संध्याकाळी गॅलरीत चहा झाला. शाळेला लिहिलेलं पत्र डॉक्टरांनी बारीक फाडून टोपलीत टाकलं. मग सहज विचारावं तसं विचारलं, "या आठवड्यात घरी बरीच माणसं येऊन गेली. काय म्हणत होती?"

"पंखा लावा म्हणत होती."

"आणखी?"

"आणखी काही नाही."

डॉक्टर त्यांच्याकडे पाहत राहिल्या. "गाण्याच्या बाईंचा फोन आला होता मघाशी. परवा तुम्हाला सगळं सांगून बसल्या म्हणे. दोन दिवस घराबाहेर पडल्या नाहीत, आता सगळे विचारतील म्हणून. आज निघाल्या, तर कुणी काही विचारलंच नाही. उलट बाकावरचे म्हणाले, तुमच्या मुली काय तयार झाल्यात!"

"कोण गाण्याच्या बाई?" सायंदैनिक म्हणाले.

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. खाली बाकावर माणसं जमू लागली होती. वर बघून कुणीतरी हात केला. डॉक्टरांनी खुर्ची जरा जवळ ओढली आणि चौतीस वर्षांत प्रथमच आवाज खाली आणला.

"मला उद्याची भीती वाटतेय हो," त्या म्हणाल्या. "चाळीस मुली समोर. मी आजवर एका वेळी एकाच माणसाशी बोललेय. आरशासमोरसुद्धा पहिल्या वाक्याच्या पुढे जाता येत नाही." मग जरा थांबून, "कुणाला सांगू नका."

सायंदैनिकांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. सभेच्या आधीच्या एका गोळीची गोष्ट त्या वेळी त्यांच्या ओठांवर आली होती, ती त्यांनी गिळली, आणि "तू मला सांगितलंस तसंच त्यांना सांग, भीती वाटते म्हणून. मग पुढचं वाक्य आपोआप येईल," एवढंच म्हणाले.

थोड्या वेळाने ते खाली उतरले. बाकावर जागा करून देत मंडळींनी विचारलं, "काय मग? उद्या डॉक्टर शाळेत! घाबरल्याबिबरल्या नाहीत ना?"

"कोण, आमच्या डॉक्टर?" सायंदैनिक टेकले, आणि मागे रेलून म्हणाले, "तुम्ही तिसऱ्या मजल्यावरचा नवा फ्रिज पाहिलात का?"